दाहक पदार्थ आणि घरातील रीत



मराठीच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानात रसायनांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु नाव पुसले गेले की सावधगिरीही पुसली जाते. ‘तेजाब’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा अर्थ तीक्ष्ण पाणी. त्या नावातच इशारा होता. आज अनेक घरांतील बाटलीवर नावच नसते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षाराविषयी आहे. सिद्ध झालेला क्षार लोखंडी कुंभात तोंड झाकून ठेवावा, असे तेथे सांगितले आहे. अजाणाच्या हाती तो विष, अग्नी वा शस्त्र यांसारखा घातक ठरतो, असेही बजावले आहे.

हे शहाणपण पेडणे-डिचोलीला परके नाही. काजूबी फोडणाऱ्या बाया हाताला राख किंवा तेल लावतात, कारण टरफलातील तेल कातडी जाळते. ही रीत पिढ्यांनी शिकवली. संडास धुण्याचे अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा, विहिरीत टाकण्याची ब्लीचिंग पावडर यांच्यासाठी मात्र आजीने घालून दिलेली रीत नाही. म्हणून सुटे अ‍ॅसिड फेणीच्या वा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत घरी येते आणि तहानलेल्या मुलाच्या हाती लागते. एका घोटाने अन्ननलिका जन्मभरासाठी आकसू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2013 रोजी सुट्या अ‍ॅसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले: खरेदीदाराची नोंद, ओळखपत्र आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्रीबंदी. पण हा निर्बंध दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत. आपल्या उंबरठ्याच्या आत जबाबदारी आपलीच.

तेव्हा रीत आपणच घालू या. दाहक पदार्थ मूळ वेष्टनातच, अन्नापासून दूर, कुलपात ठेवावा. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात घालू नये. पातळ करताना अ‍ॅसिड पाण्यात ओतावे, पाणी अ‍ॅसिडमध्ये नव्हे. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर यांचा संयोग कदापि होऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास किमान 20 मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. पोटात गेल्यास ओकारी काढू नये, उतारा म्हणून लिंबूपाणी पाजू नये. बाटली बरोबर घेऊन तत्काळ इस्पितळ गाठावे.

ज्ञान घरापर्यंत पोहोचले तरच शाळेचे श्रम सार्थकी लागतात. आज घरी गेल्यावर न्हाणीघराच्या कोपऱ्यात एकवार डोकावून पाहा. तेथे एखादी निनावी बाटली मुलाच्या हाताला लागेल अशी उभी असेल, तर ती आजच हलवा. एवढे झाले तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले, असे मी मानीन.