नोटीस, अर्ज आणि पोच

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जरा रुक्ष आहे, हे आरंभीच कबूल करतो. अशा समारंभात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, दोन शेर म्हणावेत आणि खाली बसावे, अशी आपल्याकडची रीत आहे. मी मात्र तुमच्याशी नोटिशीबद्दल, अर्जाबद्दल आणि पोचेबद्दल बोलणार आहे. सरकारी पैशातून गावात रस्ता होतो, गल्लीत गटार होते, नळयोजना येते, घरकुल मंजूर होते. या कामांबद्दल सरकार आपल्याला काय कळवते, आपण सरकारला काय कळवतो, आणि हे कळवणे कागदावर उतरते की हवेत विरून जाते, एवढाच माझा विषय आहे. पण या एवढ्याशा गोष्टीवर कुणाच्या डोक्यावर छप्पर येते आणि कुणाच्या येत नाही, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

आपल्या जिल्ह्याला याचा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे नुकतीच झोपली होती. औसा आणि उमरगा तालुक्यांत सर्वाधिक हानी झाली आणि सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या ढिगाऱ्यांत कुणी जात पाहिली नाही की धर्म पाहिला नाही. हे सारे तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे, म्हणून मी त्यावर अधिक बोलत नाही. त्यानंतर काय झाले ते मात्र आपण कमी ऐकले आहे.

पुढच्या वर्षी जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र शासनाने लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांसाठी मोठा पुनर्वसन कार्यक्रम सुरू केला. ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. तिथे भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फुटांचे, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५० चौरस फुटांचे आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फुटांचे घर, असा नियम झाला. याशिवाय ज्या घरांना तडे गेले होते पण जी उभी होती, अशी दोन लाखांच्या आसपास घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. ते काम घरमालकाने स्वतः करायचे आणि पैसे त्याला हप्त्याहप्त्याने मिळायचे.

आता विचार करा. एवढ्या कुटुंबांना कुणी सांगायचे, की तुझे नाव कोणत्या यादीत आहे, हप्ता केव्हा मिळेल, दगडी भिंतीला पट्टा कसा घालायचा? गावोगाव लोक म्हणत होते, ही दगडाची भिंत आम्हाला नको, ती दुरुस्त होतच नसते, आम्हाला सिमेंटचे नवे घर द्या. नुसत्या परिपत्रकाने ही भीती जाणार नव्हती. म्हणून दुरुस्तीच्या कार्यक्रमात लोकसहभागाचे काम ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे दिले गेले आणि गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. शासनाचे म्हणणे लोकांना समजावून सांगायचे आणि लोकांचे म्हणणे शासनाकडे पोहोचवायचे, असे त्यांचे दुहेरी काम होते. काल ज्या बाईला चावडीसमोरून जाताना पदर ओढून घ्यावा लागत होता, ती बाई इंजिनीयरला विचारू लागली, की या घराचा हप्ता का अडला. पुढे २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आपल्या भागातल्या अशाच बायका आपले अनुभव सांगण्यासाठी तिकडे गेल्या.

सारेच गोड झाले असे मी म्हणणार नाही. नव्या गावांचे आखीव चौकोनी नकाशे अनेकांना पसंत पडले नाहीत. रस्ते रुंद झाले पण शेजार तुटला, शेत लांब गेले, जनावरे कुठे बांधायची हा प्रश्न पडला. अभ्यासकांनी या गोष्टी नंतर लिहून ठेवल्या. त्यातून मी एवढेच शिकलो, की नकाशा भिंतीवर लावला म्हणजे लोकांना विचारले असे होत नाही. सांगणे वेगळे आणि विचारणे वेगळे. विचारल्यावर जे उत्तर येईल त्याप्रमाणे रेघ हलवण्याची तयारी असावी लागते. आणि उत्तर देणाऱ्यानेही ते वेळेत आणि लेखी द्यावे लागते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. भूकंपाच्या वेळी मी पहिलीत होतो. आमचे घर पडले नाही, पण मागच्या भिंतीला हात जाईल एवढा तडा गेला. माझे अब्बा शिलाईचे काम करीत आणि आठवड्यातले चार दिवस बाजारच्या गावी असत. घरांची यादी लागली तेव्हा ते गावात नव्हते. यादी मराठीत होती. अब्बांना उर्दू वाचता येत असे, मराठी अक्षर जेमतेम लागत असे. कुणीतरी वाचून सांगितले, की तुमचे नाव नाही. खरे म्हणजे नाव होते. पण आडनावाच्या जागी आजोबांचे नाव पडले होते आणि घर क्रमांक चुलत्याचा होता.

अब्बा कचेरीत गेले. साहेब नाहीत. पुन्हा गेले. पुढच्या आठवड्यात या. असे ते पाच वेळा गेले, प्रत्येक वेळी दिवसाची मजुरी बुडाली, आणि प्रत्येक वेळी ते तोंडाने बोलून परत आले. शेवटी म्हणाले, नशिबात नसेल.

आमच्या गल्लीत संवाद सहायक म्हणून काम करणारी एक शेजारीण होती, आम्ही तिला मावशी म्हणत असू. ती एके दिवशी अंगणात येऊन बसली आणि म्हणाली, “भाऊ, तुम्ही पाच खेपा गेलाव ते खरं हाय. पण गेल्याचा कागद कुठंय?”

अब्बांकडे उत्तर नव्हते. मग तिने माझ्या मोठ्या बहिणीला हाक मारली. आपा तेव्हा आठवीत होती. मावशीने सांगितले आणि आपाने लिहिले: कुणाला, कुणाकडून, विषय काय, यादीत नाव कसे आहे, खरे कसे आहे, सोबत रेशनकार्डाची नक्कल. सारा अर्ज अर्ध्या पानाचा. त्याच्या दोन प्रती केल्या. सहाव्या खेपेला मावशी बरोबर गेली. एक प्रत दिली आणि दुसरीवर शिक्का व तारीख मागितली. कारकुनाने जरा कुरकुर केली, पण शिक्का मारला. काही आठवड्यांनी नाव दुरुस्त झाले आणि पहिला हप्ता मिळाला. तो पोचेचा कागद अब्बांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला. तो आजही आमच्या घरी आहे आणि त्यावर आपाचे अक्षर आहे.

पुढच्या वर्षी आपाची शाळा सुटली. तिच्या अर्जाने घर उभे राहिले, आणि त्याच घरात तिला बसवले गेले. पालकहो, ही गोष्ट मी तक्रार म्हणून सांगत नाही; अब्बांना स्वतःलाही त्याचे शेवटपर्यंत वाईट वाटले. पण ज्या घरात मुलगी आठवीत असेल त्या घराने आज याचा विचार करावा.

आपल्या माणसांना कचेरीची भीती वाटते. सरकारी मराठी आपली नव्हे असे वाटते. मी भाषा शिकवतो म्हणून सांगतो, ही भीती उगाच आहे. अर्ज, तारीख, दाखला, नक्कल, हरकत, तक्रार, मुदत, दफ्तर, शिक्का हे शब्द पाहा. हे सगळे अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथेच मुरले. तुमची दादी हे शब्द बोलत होती आणि तहसीलदारही हेच लिहितो. दखनी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला सरकारी कागद परका वाटण्याचे कारण नाही. शिवाय देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, ही शिकवण आपल्याला सूरह बकरात दिलेली आहे. तीच सवय कचेरीतही ठेवायची आहे.

आज कायदाही आपल्या बाजूला पुष्कळ आहे. ग्रामसभेत कामांची आणि लाभार्थ्यांची चर्चा होते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा लक्षात ठेवा. त्याआधी महिलांची सभा घेण्याचीही तरतूद आहे, पण आपल्या किती बायका तिथे जातात, हे आपल्या मनाला विचारा. शहरात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखडा पक्का होण्याआधी प्रसिद्ध होतो आणि हरकती मागवल्या जातात. मुदत संपल्यावर घरावरून रस्ता जातो म्हणून रडण्यात अर्थ नसतो. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यानेही अधिसूचना स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत लावणे आणि वृत्तपत्रात देणे बंधनकारक केले आहे.

आणि २००५ सालचा माहितीचा अधिकार आहेच. आपल्या गल्लीतल्या गटाराला किती रक्कम मंजूर झाली, ठेकेदार कोण, काम केव्हा पुरे व्हायचे होते, हे दहा रुपये शुल्क भरून विचारता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क नाही. साधारणतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्रात असा अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत लिहायचा असतो. दीडशे शब्द म्हणजे आमच्या नववीच्या मुलाचा छोटा निबंध! हाच कायदा कचेऱ्यांनाही सांगतो, की कुणी मागण्याची वाट न पाहता आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करा. तेव्हा जबाबदारी दोन्हीकडे आहे.

माहिती न पोहोचण्याचा त्रास २०१६ च्या दुष्काळात सगळ्या लातूर शहराने भोगला. मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिली गाडी दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटरची होती. ते दिवस तुम्हाला आठवतील. पाण्याच्या टंचाईइतकाच जीव खाणारा प्रश्न होता, की टँकर कधी येणार. उद्या येणार, रात्री येणार, अशा अफवांवर बायका-मुले घागरी लावून जागत होती. पोरांची शाळा बुडत होती. भिंतीवर वेळ लिहिलेला एक कागद असता, तर पाणी वाढले नसते, पण झोप आणि शाळा वाचली असती.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्यासाठी दोन कामे सांगतो आणि थांबतो. पहिले काम घरातले. रेशनकार्ड, आधार, मतदारयादी, शाळेचा दाखला हे सारे कागद एकत्र काढा आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव सगळीकडे सारखे आहे का ते पाहा. कुठे शेख आधी, कुठे नंतर. कुठे बी लागलेले, कुठे बेगम. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना हा घोळ मी दरवर्षी पाहतो. योजना येण्याआधी तो दुरुस्त करा. दुसरे काम गल्लीतले. ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या फलकावर काय लागले आहे ते आठवड्यातून एकदा वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. कुणाला अर्ज लिहून हवा असेल तर लिहून द्या. पैसे घेऊ नका. दोन प्रती करा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू देऊ नका.

पालकांना विनंती, की हा अर्ज लिहायला मुलीलाही बसवा, आणि लिहून झाल्यावर तिला शाळेत पाठवा.



जय हिंद! जय महाराष्ट्र!