दुखणे हाताचे, मूळ मानेपाशी
(रुग्णालयाच्या आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



काही वर्षांपूर्वी एक तरुण व्हॉलीबॉलपटू माझ्याकडे आला. त्याचा उजवा हात सुजून निळसर झाला होता. मुका मार समजून घरी तीन आठवडे तेल चोळले गेले होते. प्रत्यक्षात खांद्याजवळील नीलेत रक्ताची गुठळी झाली होती आणि ती औषधाने विरघळविण्याचा उत्तम काळ, म्हणजे पहिले दोन आठवडे, हातचा गेला होता. त्याचा हात वाचला, परंतु जडपणा कायमचा राहिला. म्हणूनच आज ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हा विषय मी निवडला आहे.

मानेच्या पायथ्याशी, गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधील चिंचोळ्या वाटेने हाताचे मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात. मानेत जन्मतः असलेली जादा बरगडी, जुना अपघात किंवा हात उंचावून सतत करावे लागणारे काम यांमुळे ही वाट अरुंद होते.

दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत दाब मज्जातंतूंवर येतो. करंगळी व अनामिकेत मुंग्या येतात; केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना हात गळून जातो. मानेचा स्पाँडिलोसिस किंवा मनगटात दबलेली नस यांच्याशी या लक्षणांची सहज गल्लत होते. कोणतीही एकच चाचणी निर्णायक नसल्याने रुग्णाची हकिकत शांतपणे ऐकणे व हात तपासणे हेच निदानाचे मुख्य साधन होय. एक्स-रे, डॉपलर व मज्जातंतूंची तपासणी त्याला पूरक ठरतात.

मज्जातंतूंवरील दाबासाठी प्रथम उपचार शस्त्रक्रिया नव्हे, तर फिजिओथेरपी. बसण्याची ढब सुधारणे, मानेचे स्नायू सैल करणे आणि खांद्याचे स्नायू बळकट करणे, हे काही महिने नेटाने केल्यास अनेकांना आराम पडतो. तरीही वेदना हटेना किंवा हाताचे स्नायू झिजू लागले, तर पहिली बरगडी व तिच्यावरील स्केलीन स्नायू काढून वाट मोकळी करतात. ही शस्त्रक्रिया नाजूक असून ती अनुभवी हातांनीच व्हावी.

मात्र हात अचानक सुजून निळा पडला, अथवा थंड व पांढराफटक झाला, तर व्यायाम किंवा मालिश करीत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एवढी एक गोष्ट आपण घरोघरी सांगितलीत, तरी माझे हे बोलणे सार्थकी लागेल.