घरखर्चाची वही

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत किन्हीराजा येथे दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'घरखर्चाची वही' असे सांगितले. एक कार्यकर्ते जरा थांबले आणि म्हणाले, "सर, वर्षावासात धम्मावर बोलायचे असते." त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण हा विषय धम्माबाहेरचा नाही, हे पुढे दिसेल. सुरुवात मात्र आम्ही आमच्या घरापासून करतो.

१९७२ साल. आपले गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते; वाशीम जिल्हा पुढे १९९८ ला झाला. आम्ही चौथीत होतो. माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जात असे. रोज दीड रुपया. तिला अक्षर ओळखत नव्हते, पण हिशोब पक्का. तेवीस दिडे साडेचौतीस हे ती तोंडावर सांगे. आजच्या दहावीच्या मुलाला त्यासाठी मोबाइल काढावा लागतो. कामावरून आली की चुलीतला विझलेला कोळसा घेऊन ती मागच्या भिंतीवर एक रेघ ओढी. पाच रेघा झाल्या की आडवी एक. ती भिंत म्हणजे तिची हजेरी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मोठ्या बहिणीने सणाचे घर म्हणून सगळ्या भिंती पांढऱ्या मातीने पोतारल्या. त्याच दिवशी बाजारात चुकारा होता. मालकाने वही काढली आणि एकोणीस दिवस सांगितले. माय म्हणाली, "तेवीस भरले जी मालक. घरी भितीवर रेघा हायेत." मालक हसून म्हणाला, "मग भित घेऊन ये बाजारात." सोबतच्या बायाही हसल्या. माय घरी आली तो भिंत पांढरीशुभ्र. ती बहिणीला एक शब्द बोलली नाही. चार दिवसांचे सहा रुपये गेले. सहा रुपयांत त्या काळी आमच्या घरचा आठवड्याचा बाजार होई.

मालकाने मुद्दाम लबाडी केली की त्याच्या लिहिण्यात चूक झाली, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. खरी गोष्ट एवढीच की लिहिलेले फक्त त्याच्याजवळ होते. आपल्या आजा-पणज्यांचे आयुष्य असेच दुसऱ्याच्या वहीत गेले. नाव त्यांचे, अंगठा त्यांचा आणि अक्षर सावकाराचे. किती घेतले, किती फेडले, व्याज किती, हे ज्याला द्यायचे त्यालाच ठाऊक नसे.

त्या रात्री मायने आम्हाला जवळ बसवले. "तुले लिवता येते न? मंग लिव." गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही तारीख टाकली आणि 'माय – वावर – १ दिवस' असे लिहिले. आमच्या घराची ती पहिली नोंद. पुढे त्या पानाच्या मधोमध उभी रेघ आली, डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला खर्च. किराणा दुकानदाराला रोजकीर्द लिहिताना आम्ही पाहिले होते, त्याचीच ती नक्कल.

आता धम्माकडे येतो. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. अंगुत्तरनिकायात दीघजाणू नावाच्या कोलियाला केलेला उपदेश आहे. त्यात समजीवितेची गोष्ट येते. तराजू धरणाऱ्याला पारडे किती खाली गेले, किती वर आले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपली आवक आणि जावक कळली पाहिजे. थोडे मिळवून डौलाने राहणाऱ्याला उंबराची फळे खाणाऱ्याची उपमा दिली आहे, कारण तो चार फळांसाठी सगळे झाड हलवतो. आणि भरपूर असून पोटाला चिमटा घेणाऱ्यालाही तिथे बरे म्हटलेले नाही. कंजूषपणाला काटकसर समजणाऱ्या मंडळींनी हा भाग जरूर वाचावा. अनाथपिंडिकाला जी चार सुखे सांगितली त्यातले एक अनणसुख, म्हणजे कुणाचे देणे नसल्याचे सुख. कर्ज फिटल्याच्या रात्री ज्याला झोप लागली, त्याला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता एक प्रामाणिक अडचण मांडतो. सिगाल हा खात्यापित्या घरचा मुलगा होता. रोजमजुरी करणाऱ्याने चौथा भाग राखायचा कुठून? जर्मनीतील सांख्यिकी शास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले की घर जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. आपल्या देशाच्या सरकारी पाहणीत १९९९-२००० साली ग्रामीण घरांच्या खर्चात अन्नाचा वाटा ५९ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२२-२३ मध्ये ४६ टक्क्यांवर आला. म्हणजे अन्नाबाहेरचा खर्च वाढला. तो प्रवास, औषधपाणी, शिक्षण, मोबाइल, कपडालत्ता यांत जातो आणि नेमका हाच लक्षात राहत नाही. ज्वारी किती लागली हे बाई डोळे मिटून सांगेल. रिचार्जला वर्षात किती गेले हे घरात कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून चौथा भाग जमत नसेल तर आज तो बाजूला ठेवा. आधी नुसते लिहा.

आपल्या बायांनी वही नसतानाही पद्धती काढल्याच होत्या. स्वयंपाकाला पीठ काढले की त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात. डाळीच्या डब्यात पुरचुंडी. दुधाचा खाडा कॅलेंडरवर. १९७३ मध्ये 'कालनिर्णय' निघाले, त्यानंतर कित्येक घरांत तेच हिशोबाचे पुस्तक झाले. माता रमाईंची एक आठवण सांगितली जाते. परळच्या बी.आय.टी. चाळीत संसार करताना महिन्याच्या खर्चाचे पैसे हाती आले की त्या त्यांच्या तीस पुड्या बांधीत आणि दिवसाला एकच पुडी सोडीत. पतीने रुपयाच्या प्रश्नावर लंडनला प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आणि रुपया महिनाअखेरपर्यंत कसा पुरवायचा याचा अभ्यास घरात पत्नी करीत होती. आम्हाला दोन्ही अभ्यास सारख्याच योग्यतेचे वाटतात. बाबासाहेबांनाही हे शास्त्र अंगाने माहीत होते. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड. त्यात राहणे, खाणे आणि पुस्तके. त्यांनी पोटाचे कमी केले, पुस्तकांचे नाही. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हिशोब ठेवणारा खर्च करीतच नाही असे नव्हे, तो कशावर करायचा ते ठरवतो.

जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या महिला पत्रकाराने १९०४ मध्ये घरखर्चाची छापील वही काढली. तिथे तिला काकेइबो म्हणतात आणि आजही अनेक घरांत ती हाताने भरली जाते. महिन्याच्या आरंभी किती आहे, त्यातून किती राखायचे, मग खर्च, आणि महिनाअखेर आपण कुठे चुकलो ते लिहायचे. आमची माय जपानला गेली नव्हती. पण तिची मूठही पीठ मळायच्या आधीच बाजूला पडत होती. उरले तर ठेवू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही.

तीस पुड्यांची पद्धत महिन्याच्या पगाराला ठीक. आपल्याकडे मात्र पैसा सोयाबीनबरोबर येतो. समजा, तीन एकर वावर आहे. एकरी पाच क्विंटल धरले तर पंधरा क्विंटल, आणि भाव चार हजार मिळाला तर साठ हजार. दिवाळीच्या तोंडावर साठ हजार हाती आले की घर मोठे वाटू लागते. पण बियाणे, खत, फवारणी, निंदण, सोंगणी, मळणी मिळून एकरी दहा हजार गेले, म्हणजे तीस हजार. सिगालाला सांगितलेले धंद्याचे दोन भाग ते हेच. कृषी केंद्राचे देणे असो की पुढच्या मृगाची तयारी, ते आधी काढून ठेवायचे. उरले तीस हजार. बारा महिन्यांनी भागले की अडीच हजार. आता साठ हजारांचा माणूस अडीच हजारांचा झाला! ऐकायला वाईट वाटते, पण जूनमध्ये कळण्यापेक्षा नोव्हेंबरमध्ये कळलेले बरे. म्हणून शेतकऱ्याने बारा पिशव्या कराव्यात आणि प्रत्येकीवर महिन्याचे नाव टाकावे. तूर-हरभऱ्याचे पैसे आले की त्याच पिशव्यांत घालावेत. जूनची पिशवी जाड ठेवावी; शाळेची फी आणि पेरणी एकदमच येतात.

लिहिताना काय लिहायचे? सगळे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा किराणा महिनाभर उधारीवर येई. एका महिन्याला दुकानाची वही आणि आमची वही समोरासमोर ठेवली. दुकानात तेलाचा एक डबा दोनदा लिहिलेला निघाला. आम्ही रागाने बोलणार तोच आमच्या वहीत साखर आणि चहापत्ती लिहायचीच राहिल्याचे दिसले. दोन्हीकडे दुरुस्ती झाली आणि फरक अकरा रुपयांचा राहिला. तेव्हापासून दुकानदारही आमच्यासमोर वही उघडताना सांभाळून उघडू लागला आणि आम्हीही.

पुरुष मंडळींचा एक खर्च वहीत कधी येत नाही. रागावू नका. खर्रा समजा वीस रुपयांचा आणि दिवसाला दोन. चाळीस रुपये. वर्षाचे चौदा हजार सहाशे. वर धरलेल्या भावाने साडेतीन क्विंटलपेक्षा जास्त सोयाबीन झाली. पाऊण एकर वावर आपण चघळून थुंकतो, आणि त्याला लावलेला खर्च वेगळाच. दारूचा हिशोब आम्ही करून दाखवत नाही. तो घरच्या बाईला पाठ आहे. दीघजाणूला संपत्तीची जी चार गळती सांगितली, त्यात दारू आणि जुगार आहेतच.

आता उपासिकांसाठी. १९९२ मध्ये नाबार्डने बचतगट बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर बचतगट खेडोपाडी पोहोचले. गटाची वही आपल्या भगिनी किती नीट ठेवतात! सभेचा वृत्तांत, वर्गणी, कर्ज, व्याज, सह्या. आणि त्याच बाईच्या घरात वही नाही. एका भगिनीला आम्ही घरातले सगळे हप्ते एका कागदावर लिहायला सांगितले. एका कंपनीचा आठवड्याचा, दुसरीचा पंधरवड्याचा, गटाचा महिन्याचा आणि मुलाच्या मोबाइलचा. तिने बेरीज केली आणि कागद बराच वेळ हातात धरून बसली. दुसरीचा हप्ता ती पहिलीकडून काढून भरत होती. वेगवेगळे होते तोवर प्रत्येक हप्ता लहान होता. त्या दिवशी तिने तिसरे कर्ज काढले नाही, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. खासगी सावकाराकडे जाणे भागच पडले तर परवाना विचारा आणि प्रत्येक भरण्याची पावती घ्या. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने तो तुमचा हक्क आहे. आणि ती पावती वहीत चिकटवा.

तरुण मित्र म्हणतील, फोनमध्ये सगळे आपोआप लिहिले जाते. जाते, नाकारत नाही. पण फोन 'पैसे कुणाला गेले' एवढे लिहितो, कशाला गेले ते लिहीत नाही. नोट देताना हात जरा अडतो, फोन पुढे धरताना अडत नाही. फोनवरचा खर्चही संध्याकाळी हाताने वहीत उतरवा. दहा मिनिटे लागतात.

आणखी एक. वही घरात उघडी असावी. नवऱ्याची वेगळी, बायकोची लपवलेली, असे नको. डाळीच्या डब्यातली पुरचुंडी बाईला लपवावी लागली ती घरातल्यांच्या भीतीने. ती भीती घालवणे पुरुषांच्या हाती आहे. आठवड्यातून एकदा वही मोठ्याने वाचावी. चौथी-पाचवीतल्या मुलाला वाचायला लावावे. फी कुठून येते हे ज्याने स्वतः वाचले, तो शाळा बुडवताना दोनदा विचार करतो. चूक झाली तर पान फाडू नका, खाडाखोड करू नका. एक रेघ मारून पुढे बरोबर लिहा.

संस्थेने मागच्या टेबलावर दोनशे पानी वह्या ठेवल्या आहेत. पहिल्या पानावर उभी रेघ आम्हीच मारून ठेवली आहे. वही फुकट नाही, दहा रुपये द्यायचे आहेत, आणि ते दहा रुपये आजच्या तारखेला खर्चाच्या बाजूला लिहायचे आहेत. पुढच्या पौर्णिमेला येताना वही सोबत आणा. आकडे कुणाला दाखवू नका, फक्त पाने भरलेली आहेत तेवढे आम्ही पाहू.

 नमो बुद्धाय, जय भीम.