पदवीची वर्षे आणि व्यवस्थापन-संस्थेचा दरवाजा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांना बक्षिसे वाटून झाल्यावर कोणीतरी चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा जुना परिपाठ आहे. तो मान या वर्षी आमच्याकडे आला. पोक्त उपदेशापेक्षा कामाचे काही सांगावे अशी चिटणीसांची सूचना होती. गेल्या वर्षभरात ज्ञातीतल्या पाच-सहा पालकांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला. मुलाला वा मुलीला आय.आय.एम.सारख्या नामांकित संस्थेत व्यवस्थापनशास्त्र शिकावयाचे आहे, तरी आता कोणता क्लास लावावा? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आमची स्वतःची एक फजिती सांगणे आम्हांला प्राप्त आहे.

१९८४ साली आम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्गात होतो. वडिलांचे तालुक्याच्या गावी तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान. लेखी परीक्षा बरी गेली आणि एका मोठ्या संस्थेचे मुलाखतीचे बोलावणे आले. समोर तिघे जण बसले होते. वडिलांचा धंदा ऐकून त्यांतील वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "तुमच्या वडिलांचे भांडवल वर्षातून किती वेळा फिरते?" आम्ही पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली. ते हसून म्हणाले, "व्याख्या नको, आकडा सांगा." आकडा आम्हांस ठाऊक नव्हता. मग त्यांनी विचारले की, गिऱ्हाईक जुन्या भांड्यांची मोड आणते, तिचा भाव नव्या मालाच्या भावाहून किती कमी धरतात, आणि का? प्रत्येक सुटीत दुकानात बसून आम्ही स्वतःच्या हाताने मोड तोलली होती. पण त्या भावाचा हिशेब कधी विचारला नव्हता. पुढे निवडीच्या यादीत आमचे नाव आले नाही, हे सांगावयास नकोच. घरी येऊन वडिलांना हकीकत सांगितली. त्यांनी खतावणी पुढे ओढली आणि लग्नसराई, दिवाळी, उधारी, घट, मजुरी हे सारे आम्हांस पाऊण तासात उलगडून दाखविले. भांडवल अडीच वेळा फिरत होते. "हे आधी का नाही सांगितलेत?" असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तू विचारलंस कधी?"

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे या संस्थांचा आरंभ झाला. आज देशात अशा वीसाहून अधिक संस्था आहेत. आपल्या राज्यात नागपूरची संस्था २०१५ साली निघाली, आणि पवईची १९६३ची जुनी ‘निटी’ २०२३ साली आय.आय.एम. मुंबई झाली. प्रवेशासाठी ‘कॅट’ नावाची परीक्षा बहुधा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यालाही ती देता येते. वाचन-आकलन, माहितीचे तर्कशुद्ध विश्लेषण आणि गणित असे तिचे तीन विभाग असून प्रत्येकास ४० मिनिटे मिळतात. एका विभागातला वेळ दुसऱ्यास लावता येत नाही. बरोबर उत्तरास ३ गुण. पर्यायी उत्तर चुकल्यास एक गुण वजा.

येथे पालकांचा एक नेहमीचा गैरसमज दूर केला पाहिजे. ‘पर्सेंटाइल’ म्हणजे टक्के नव्हेत. आमच्या एका नातलगांनी पुतण्याला ९० पर्सेंटाइल मिळाले म्हणून आळीत पेढे वाटले आणि अहमदाबादेची गाडी कधी असते याची चौकशी सुरू केली. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार विद्यार्थी या परीक्षेस बसले. ९० पर्सेंटाइल म्हणजे सुमारे २९ हजार विद्यार्थी पुढे; ९९ म्हणजे सुमारे २,९००. पेढे वाटू नयेत असे नाही. पण हा हिशेब घरात आधी समजलेला असावा, म्हणजे मुलाला पुढे उगाच बोल लागत नाही.

तयारीचे म्हणाल तर गणिताचा मोठा भाग शाळेतलाच आहे: शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग, थोडे बीजगणित व भूमिती. पडद्यावर गणकयंत्र मिळते; परंतु ज्याच्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतली आहे, त्याला त्याच्याकडे फारसे वळावे लागत नाही. खरी अडचण वाचनाची. पहिल्या विभागातले बहुतेक प्रश्न उताऱ्यांवर असतात, आणि उतारे तत्त्वज्ञानापासून पर्यावरणापर्यंत कशावरही. हे वाचन सहा महिन्यांच्या क्लासात येत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज एक इंग्रजी लेख वाचावा, आणि लेखकाचे म्हणणे काय, ते मराठीत चार ओळींत वहीत लिहावे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी ही मराठी वही ओशाळून लपवू नये. जे आपल्या भाषेत सांगता येत नाही, ते बहुधा समजलेलेच नसते.

सरावपरीक्षा दुसऱ्या वर्षापासून द्याव्यात, आणि परीक्षेला जेवढा वेळ, निदान तेवढाच चुका तपासण्याला द्यावा. कोणते गणित सोडून द्यावयाचे हे त्यातूनच कळते. हुशार मुले येथेच फसतात. त्यांना एखादे उदाहरण सोडून पुढे जाण्याची लाज वाटते.

केवळ ‘कॅट’वर काम भागत नाही. अहमदाबाद व बंगळूर या संस्था दहावी, बारावी व पदवी यांचे गुणही हिशेबात घेतात. मागचे गुण आता बदलत नाहीत, म्हणून त्यांची हळहळ करण्यात अर्थ नाही. पदवीचे मात्र अजून हातात आहेत. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी, आणि विशेषतः मुलींनी, हे क्षेत्र इंजिनियरांचेच आहे असे समजू नये. काही संस्था इतर शाखांना व मुलींना निवडीत थोडे अधिक गुण देतात. ज्यांना मागासवर्गीय सवलत लागू असेल, त्यांनी केंद्राच्या सूचीत आपली नोंद आहे काय ते आधी पाहावे, व दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा. राज्याचा दाखला पुढे करून ऐनवेळी धावपळ करणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

आता थोडे कटु. आपल्या शिष्यवृत्ती-निधीतून या परीक्षेच्या क्लासची फी द्यावी, असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. आम्ही त्यास विरोध केला आहे, आणि त्याबद्दल काही तरुण मंडळी आमच्यावर रुष्ट आहेत. निधी लहान आहे. त्यात दोन-तीन मुलांची फी भागेल आणि बाकीची रिकाम्या हाताने परत जातील. त्याच पैशात वाचनालयात दोन संगणक, चांगली वृत्तपत्रे व सरावपरीक्षांची सोय सर्वांसाठी होते. आमचे म्हणणे सर्वस्वी बरोबरच आहे असा आमचा आग्रह नाही. एखाद्या खेड्यातल्या मुलीला मार्गदर्शकाविना हे जमणार नाही, ही तरुणांची हरकत खरी आहे, आणि तिचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ नाही. पण प्रवेश मिळाल्यावरचा खर्च विसरता येत नाही. अहमदाबादेचे दोन वर्षांचे शुल्क पंचवीस लाखांच्या वर आहे. बँका कर्ज देतात, तरी पहिल्या हप्त्यासाठी, प्रवासासाठी, कपड्यालत्त्यासाठी घरात रोकड लागते. निधी राखावा तो त्या वेळेसाठी, असे आम्हांला वाटते.

मुलाखतीचे काम मात्र पैशावाचून होण्यासारखे आहे. ज्ञातीत दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. तिघांनी टेबलामागे बसावे आणि मुलांना प्रश्न विचारावेत. दिवाळीनंतरच्या दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही कार्यालयाच्या माडीवर बसू. येताना प्रत्येकाने आपल्या घरच्या उद्योगाची किंवा आईवडिलांच्या नोकरीची एका पानाची माहिती स्वतःच्या हाताने लिहून आणावी. माल कोठून येतो, उधारी किती दिवसांची, भांडवल किती वेळा फिरते, हे घरी विचारूनच लिहावे. वडिलांना वेळ नसेल, तर दुकान बंद करताना त्यांच्याबरोबर शटर ओढावयास जावे आणि तेव्हा विचारावे.