ट्रकमधल्या बायका



१७ ऑगस्ट हा इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. २०२० साली करोनामुळे माणसं घरात अडकलेली असताना याच दिवशी जोगजाकार्ताच्या रावाचाना फिल्म्स या छोट्या संस्थेनं ‘तिलिक’ नावाचा अर्ध्या तासाचा लघुपट यूट्यूबवर फुकट पाहायला ठेवला. महिना संपायच्या आत त्यानं एक कोटी प्रेक्षकसंख्या ओलांडली.

गोष्ट एवढीशी आहे. गावच्या सरपंचबाई शहरातल्या इस्पितळात आहेत. त्यांना भेटायला बायका उघड्या ट्रकच्या हौद्यात दाटीवाटीनं बसून निघाल्या आहेत. वाटभर विषय एकच : गावातली दियान, लग्नाचं वय झालेली आणि अजून एकटी राहणारी. बू तेजो नावाची बाई अंगठ्या मिरवत, मोबाइलवरचे फोटो दाखवत तिच्याबद्दल एकेक पुडी सोडते. यू निंग तिला अडवत राहते. इंटरनेट हुशार माणसांनी बनवलंय, मग ते खोटं कसं असेल, असाही युक्तिवाद होतो. मधेच पोलीस ट्रक अडवतो, तर सगळ्याजणी मिळून त्यालाच नामोहरम करतात.

सिती फौझिया या अभिनेत्रीनं बू तेजो अशी काही उभी केली आहे की ओठ मुडपून बोलणारा तिचा चेहरा देशभर मीम होऊन फिरला.

मला महत्त्वाची वाटते ती या लघुपटाची भाषा. ती जावानीज आहे. गावच्या बाया बोलतात तशी, धुऊनपुसून न घेतलेली. सात-आठ कोटी लोकांची ही भाषा. पण शाळा, कचेरी आणि जकार्ताहून येणाऱ्या टीव्ही मालिका इंडोनेशियन भाषेत. दिग्दर्शक वाह्यू आगुंग प्रासेत्यो यांनी बोली सोडली नाही, खाली इंडोनेशियन उपशीर्षकं दिली, आणि सुमात्रापासून सुलावेसीपर्यंतच्या लोकांनी ती वाचत लघुपट पाहिला. त्याआधी २०१८ मध्ये मलांगच्या बायू स्काक या यूट्यूबरनं ‘योविस बेन’ हा चित्रपट बहुतांश जावानीजमध्ये करून थिएटरं भरवली होतीच.

‘तिलिक’वर टीकाही झाली. बायका म्हणजे चुगल्या, हेच चित्र पुन्हा रंगवलं, असं अनेकींनी लिहिलं. शेवट मी सांगत नाही, पण तो पाहिल्यावर या टीकेत तथ्य आहे असं मलाही वाटतं. तरीही यू निंगची चडफड इतकी खरी आहे की लघुपट एकतर्फी होत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘तिलिक’ २०१८ मध्येच तयार झाला होता, तोही जोगजाकार्ताच्या सांस्कृतिक विभागाच्या पैशावर. महोत्सवांत फिरला, पियाला माया पुरस्कार मिळाला. सामान्य माणसापर्यंत मात्र तो पोचला खुला केल्यावरच.

आपल्याकडेही मालवणी, अहिराणी, वऱ्हाडीत उत्तम लघुपट होतात, महोत्सवात टाळ्या घेतात आणि मग कुणाच्या तरी हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात. ते करणाऱ्या तरुण मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे : महोत्सवांची फेरी संपली की तुमचं काम लोकांसाठी खुलं करा. बोली तशीच ठेवा आणि खाली उपशीर्षकं द्या.