‘आपण’ आणि ‘आम्ही’



अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर, पहिलीतलं मूल घरी कोरकू बोलतं. शाळेचं पुस्तक मराठीत. मध्य प्रदेशची हद्द लागूनच, त्यामुळे आठवडी बाजारात हिंदी. असं मूल वर्गात गप्प बसलं की ‘याला भाषाच येत नाही’ असा शेरा बसतो. खरं म्हणजे त्याला येते ती भाषा गुरुजींना येत नसते!

कोरकू मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची दूरची बहीण. पाण्याला ‘डा’ म्हणणारी. २०११च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांहून अधिक आहेत. ‘कोरो’ म्हणजे माणूस. अनेक असले की ‘कू’ लागतो. म्हणजे जमातीचं नावच अनेकवचन.

आता गंमत बघा. मूल ‘आई आला’ म्हणतं आणि वहीवर लाल रेघ उमटते. पण कोरकूत आई आली काय नि बाबा आले काय, क्रियापदाचं रूप तेच. सजीव-निर्जीव हा भेद ती मानते, पुरुष-स्त्री-नपुंसक मानत नाही. मग तो खांब, ती भिंत, ते दार हे त्या मुलाने कशावरून ओळखावं? आपल्याला तरी कुठे सांगता येतं? आपण ऐकून ऐकून शिकलो. त्यालाही तेवढं ऐकू द्या की.

उलट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ घ्या. एकात समोरचा येतो, दुसऱ्यात तो वगळला जातो. हिंदीभाषक माणूस ‘हम’वर वाढलेला, तो इथे वर्षानुवर्षं अडखळतो. कोरकूत हा भेद आधीपासून आहे. ‘सर, आपण खेळायला चाललो’ असं ते मूल म्हणालं, तर सरांनी चप्पल घालावी, बोलावणं आहे.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असं राज्यघटनेचं ३५०-अ हे कलम १९५६ पासून सांगतं. पाड्यावरच्या शाळेत मात्र सगळं गुरुजींच्या कानावर अवलंबून. ज्यांनी कोरकू शिकायला घेतली, त्यांची फजिती ऐकण्यासारखी असते. या भाषेत संस्कृतसारखं द्विवचन आहे. दोघांसाठी ‘किंग’, त्याहून जास्त असले तर ‘कू’. गुरुजी दोन बैलांना ‘कू’ लावतात, आणि सकाळी ‘आई आला’ म्हणणारा तोच मुलगा त्यांची चूक दुरुस्त करतो.