खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील स्फुरद

(शोभिवंत मत्स्यपालन प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतात स्फुरद कमी पडले की पीक खुरटते, म्हणून आपण पेरणीबरोबर डीएपी किंवा सुपर फॉस्फेट देतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत नेमके उलटे घडते. तेथे स्फुरद न मागता येते, फॉस्फेटच्या रूपात साठत राहते आणि त्यावर पोसले जाते ते तण, म्हणजे शेवाळ. आपल्यापैकी जे क्लाउन मासे वाढवून विकतात किंवा घरांना, हॉटेलांना टाक्या बसवून देतात, त्यांनी हा विषय नीट समजून घ्यावा. टाकी दिल्यानंतर काही महिन्यांत खडकांवर हिरवे केस वाढतात, काच रोज पुसावी लागते, वाळू तपकिरी होते. या प्रमाणात फॉस्फेटने मासा मरत नाही. पण गिऱ्हाईक कंटाळते, टाकी बंद करते आणि पुन्हा आपल्या दारी येत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. परदेशातील पुस्तकांत ज्या टाक्यांची चित्रे दिसतात, त्यांत जिवंत प्रवाळ असतात. आपल्याकडे सर्व कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा किंवा त्याचा खडक उचलून आणणे हा गुन्हा आहे. आपली टाकी कृत्रिम खडक, वाळू आणि पैदास केंद्रातील मासे यांचीच असावी. मात्र फॉस्फेटविषयीचे पुष्कळसे ज्ञान प्रवाळामुळेच मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर किन्सी आणि डेव्हिस यांनी पाण्यात नत्र व स्फुरद मुद्दाम मिसळून पाहिले. 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार प्रवाळखडकाची चुना साठवण्याची क्रिया निम्म्याहून अधिक घटली. म्हणजे खताचे पाणी शेतातून वाहून समुद्रात गेले तर तेथेही नुकसानच होते.

आता हे फॉस्फेट येते कोठून? बहुतेक आपल्याच हातून. एक साधा हिशेब करू. माशांच्या कोरड्या खाद्यात सुमारे 1 टक्का स्फुरद धरले, तर 1 ग्रॅम खाद्यात 10 मिलिग्रॅम स्फुरद, म्हणजे सुमारे 30 मिलिग्रॅम फॉस्फेट होते. खडक-वाळू वजा जाता टाकीत 300 लिटर पाणी असेल, तर या एका ग्रॅममुळे फॉस्फेट 0.1 पीपीएमपर्यंत वाढू शकते. काही भाग माशाच्या हाडामांसात जातो, पण बराचसा विष्ठेवाटे व उरलेल्या खाद्यावाटे पाण्यातच राहतो. खडक असलेल्या टाकीत फॉस्फेट 0.03 ते 0.10 पीपीएमच्या दरम्यान असावे, असे सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे रोजचा एक जादा चिमूटभर दाणा काय करतो हे लक्षात येईल. मासे दोन मिनिटांत खातील एवढेच खाद्य द्यावे. गोठवलेली कोळंबी वेगळ्या भांड्यात वितळवून वरचे पाणी टाकून द्यावे. ते पाणी म्हणजे टाकीला दिलेले पातळ खतच.

दुसरा मार्ग पाण्याचा. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातही फॉस्फेट असू शकते, म्हणून मीठ आरओच्या पाण्यात मिसळावे. काही जण खाडीचे पाणी आणतात. पावसाळ्यात ते गोडे व गढूळ होते आणि त्यात शेतातले व गटारातले सर्व काही उतरलेले असते. त्या दिवसांत ते वापरूच नये.

परीक्षण संच घेताना त्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. काही संच फॉस्फेट दाखवितात, काही नुसता फॉस्फरस. फॉस्फरसचा आकडा सुमारे 3 ने गुणला की फॉस्फेट मिळते. खताच्या पोत्यावर आपण जे स्फुरद वाचतो तेही फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने असते, तसाच हा प्रकार. आणखी एक फसवी गोष्ट आहे. टाकी शेवाळाने भरलेली असूनही संच शून्य दाखवितो. तणाने खत खाऊन टाकलेल्या रानाची माती तपासावी, तसे हे आहे. तेव्हा आकड्याबरोबर डोळ्यांनाही विचारावे.

आता जो मुद्दा आपल्याला पुस्तकांपेक्षा लवकर समजेल, तो सांगतो. चुनखडीच्या जमिनीत दिलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते आणि पहिल्या पिकाला जेमतेम 15 ते 20 टक्केच मिळते, हे आपण जाणता. टाकीतील खडक आणि वाळूही चुन्याचीच. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तेव्हा ती ते धरून ठेवतात आणि पाणी स्वच्छ झाले की हळूहळू सोडतात. म्हणून एकदा 10 टक्के पाणी बदलून 0.50 चे 0.45 झाले आणि आठवड्याने पुन्हा 0.50 दिसले, तर संचाला दोष देऊ नये. खडक जुने देणे फेडीत आहे. असे कित्येक आठवडे चालते. तेवढा धीर नसलेला माणूस औषधांच्या मागे लागतो.

कोकणच्या जांभ्या मातीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी अडकते. बाजारात मिळणारे दाणेदार फेरिक ऑक्साइड हे याच तत्त्वावर चालते. पाणी त्या दाण्यांतून सोडले की फॉस्फेट त्यांना चिकटते. सुरुवातीला उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेच्या निम्मेच घ्यावे, दर दोन-तीन दिवसांनी परीक्षण करावे, आणि परिणाम थांबला की दाणे टाकून नवे भरावेत. लँथनम क्लोराइड याहून झपाट्याने काम करते, पण त्याचा बारीक साका गाळणीत न अडकता माशांच्या कल्ल्यांवर बसू शकतो. नवख्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

माझा स्वतःचा कल मात्र कापणीकडे आहे. टाकीलगतच्या छोट्या कप्प्यात कीटोमॉर्फा हे दोऱ्यासारखे शेवाळ दिव्याखाली वाढवावे आणि दर आठवड्याला मूठभर काढून घ्यावे. मुख्य टाकीतील तणाचे खत येथे आपल्या पिकाला मिळते आणि कापलेल्या शेवाळाबरोबर टाकीबाहेर जाते. प्रोटीन स्किमर असल्यास उत्तमच. तो विष्ठेसारखा सेंद्रिय भाग कुजण्यापूर्वी काढतो. विरघळून गेलेले फॉस्फेट मात्र त्याला काढता येत नाही.

फॉस्फेट शून्यावर आणण्याची घाई करू नये. नत्र व स्फुरद दोन्ही संपली की साधे शेवाळ मरते आणि पुष्कळदा त्याच्या जागी डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, तपकिरी, बुडबुडे धरणारे जीव पसरतात. ते हटविणे शेवाळापेक्षा कितीतरी कठीण. असे दिसल्यास फेरिक ऑक्साइड लगेच बंद करावे.

टाकी पोहोचविताना गिऱ्हाइकाला खाद्याचा लहान मापाचा चमचा द्यावा, एक वही द्यावी आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याचा फॉस्फेटचा आकडा स्वतः जाऊन त्यात लिहावा.